ड्राफ्टवर बोलण्याआधी मार्च वाचा: एनएफएल संघाचा ऑफसीझन कसा समजून घ्यायचा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने केलेली निवड. २०२५ च्या ड्राफ्टआधी शिकागो बेअर्सच्या चाहत्यांत एकच वाद रंगला होता: दहाव्या पिकवर (निवडीच्या दहाव्या पाळीला) टॅकल (आक्रमणाच्या लाइनचा टोकाचा रक्षक) घ्यायचा की रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा)? आदल्या हंगामात क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) केलेब विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला होता, म्हणजे फेकण्याआधीच पाडला गेला होता, आणि संघ ५ विजय-१२ पराभवांवर आटोपला होता. लाइनमन हवाच, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात बेअर्सनी मिशिगनचा टाइट एंड (रक्षणही करणारा आणि चेंडूही झेलणारा) कोल्स्टन लव्हलँड घेतला. ज्यांनी गेल्या हंगामाचा राग मनात धरून याद्या केल्या होत्या त्यांना धक्का बसला. ज्यांनी मार्चमधले व्यवहार नीट पाहिले होते त्यांना निदान एवढं ठाऊक होतं की लाइनची मधली तिन्ही भोकं (सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड) आधीच बुजवलेली आहेत आणि दहावा पिक आता मोकळा आहे.

ऑफसीझनवर चर्चा करायची तर एवढी एक गोष्ट पक्की धरा. ड्राफ्ट हा शेवटचा अंक आहे. त्याआधीचे करार, कॅप (संघाच्या वर्षाच्या पगारखर्चाची मर्यादा) आणि ट्रेड (खेळाडू-पिकची अदलाबदल) वाचले नाहीत तर एप्रिलमधलं आपलं बोलणं म्हणजे नुसता अंदाजपंचे कारभार. खाली बेअर्सचंच उदाहरण घेऊन सगळी पद्धत दिली आहे. तुमचा संघ कुठलाही असो, तक्ता तोच चालतो.

आधी तक्ता, मग मत

जानेवारीतच एक साधी एक्सेल शीट उघडा. प्रत्येक खेळाडूसाठी सहा रकाने पुरतात: जागा, येत्या सप्टेंबरमध्ये वय, करार कुठल्या हंगामापर्यंत, यंदाचा कॅप हिट (त्याच्यामुळे कॅपमध्ये धरली जाणारी रक्कम), आता काढला तर किती डेड मनी (खेळाडू गेल्यावरही कॅपवर राहणारी रक्कम) पडेल, आणि गेल्या हंगामात किती टक्के स्नॅप्स (खेळी) खेळला. करारांचे आकडे ओव्हर द कॅप आणि स्पॉट्रॅक या दोन साइटवर मिळतात. एकच साइट धरून ठेवा. दोघांच्या हिशेबाची पद्धत थोडी वेगळी असते आणि दोन्हीकडचे आकडे मिसळले की बेरीज चुकते.

आता जागांना तीन रंग द्या. करार संपलेला किंवा दुसरा माणूसच नसलेली जागा लाल. करार एका वर्षात संपतोय किंवा खेळाडू तिशीपार गेलाय ती पिवळी. बाकी हिरव्या. बहुतेक जण फक्त लाल जागा पाहतात आणि तिथेच फसतात. पहिल्या-दुसऱ्या फेरीतला खेळाडू चार वर्षांच्या करारावर येतो, त्यामुळे संघ त्याच्याकडे यंदाच्या सप्टेंबरसाठी कमी आणि पुढच्या दोन-तीन हंगामांसाठी जास्त पाहतो. पिवळ्या जागा म्हणूनच महत्त्वाच्या.

२०२५ च्या सुरुवातीला बेअर्सच्या तक्त्यात सेंटर लाल होता, दोन्ही गार्ड लाल होते. टाइट एंड मात्र हिरवा, कारण कोल कमेटचा लांब मुदतीचा करार होता. मग लव्हलँड कसा आला? तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट होती: नवा मुख्य प्रशिक्षक. हा बेन जॉन्सन डेट्रॉइट लायन्सचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) असताना तिथे २०२३ मध्ये ३४ व्या पिकवर टाइट एंड सॅम लापोर्टा घेतला गेला होता आणि दोन टाइट एंड मैदानात उतरवणं हा त्याच्या आक्रमणाचा कणा होता. म्हणून प्रशिक्षक किंवा कोऑर्डिनेटर बदलला असेल तर तक्त्याखाली दोन ओळी लिहा: हा माणूस आधीच्या संघात कुठल्या जागांवर पिक खर्च करत होता, आणि किती टाइट एंड, किती रिसीव्हर (चेंडू झेलणारे), किती कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारे) एकावेळी खेळवत होता. बचावात ४-३ वरून ३-४ वर (पुढच्या फळीत चारऐवजी तीन माणसांवर) गेलात की आधीचे हिरवे डिफेन्सिव्ह एंड अचानक पिवळे होतात.

कॅपचा हिशेब: बोनस कुठे जातो ते बघा

२०२५ चा सॅलरी कॅप होता २७ कोटी ९२ लाख डॉलर. २०२४ मध्ये तो २५ कोटी ५४ लाख होता. आकडा दरवर्षी बदलतो, तत्त्व बदलत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ सायनिंग बोनसवरून होतो. खेळाडूच्या खिशात तो लवकर जातो, पण कॅपवर तो कराराच्या वर्षांत, जास्तीत जास्त पाच वर्षांत, समान वाटला जातो. समजा चार वर्षांच्या करारात ४ कोटींचा बोनस आहे. दरवर्षी कॅपवर १ कोटी पडतो. दोन वर्षांनी खेळाडूला काढलं तर उरलेले २ कोटी एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येऊन आदळतात. हेच डेड मनी. ‘त्याला काढा, १ कोटी २० लाख वाचतील’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: पगार वाचेल, पण बोनसचं काय?

यातून वाट काढायला संघ ‘पोस्ट-जून १’ हा शिक्का वापरतात. वर्षाला दोन खेळाडूंना तो लावता येतो. वरच्या उदाहरणात मग १ कोटी यंदा आणि १ कोटी पुढच्या वर्षी पडेल. चूक होते ती इथे: या मार्गाने वाचलेले पैसे जून उजाडेपर्यंत हातात येत नाहीत. तोवर खेळाडूचा पूर्ण कॅप हिट हिशेबात राहतो. म्हणजे मार्चमध्ये फ्री एजंट (करार नसलेला, मोकळा खेळाडू) घ्यायला त्या पैशांचा काहीच उपयोग नाही. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी २०२४ मध्ये रसेल विल्सनला काढलं तेव्हा साडेआठ कोटींचा डेड मनी असाच दोन वर्षांत वाटला गेला, २०२४ मध्ये ५ कोटी ३० लाख आणि बाकीचा २०२५ मध्ये.

व्हॉइड वर्षं हा त्याचाच दुसरा प्रकार. खरा करार दोन वर्षांचा, पण कागदावर पुढे तीन नावापुरती वर्षं जोडलेली. अडीच कोटींचा बोनस मग दरवर्षी ५० लाखांनी पडतो, आणि दोन वर्षांनी करार संपला की दीड कोटी एकदम येतात, तेही खेळाडू संघात नसताना. तुमच्या शीटमध्ये व्हॉइड वर्षांवर ठळक खूण करा. ‘पुढच्या वर्षी आपल्याकडे भरपूर कॅप आहे’ हे वाक्य बहुतेकदा याच खुणा न पाहिल्यामुळे खोटं ठरतं.

आणखी एक बारकावा. ऑफसीझनमध्ये ९० जणांचा चमू असतो, पण कॅपमध्ये सर्वांत महाग ५१ जणच पूर्ण धरले जातात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या फेरीतला नवखा आला की तो बहुधा या ५१ मध्ये बसतही नाही. त्याच्या बोनसचा त्या वर्षीचा छोटासा हिस्सा तेवढा पडतो. ‘नवख्यांसाठी कॅप राखून ठेवायला हवा’ हे पहिल्या दोन फेऱ्यांपुरतं खरं. खरी रक्कम राखायची ती प्रॅक्टिस स्क्वॉड (सरावापुरते ठेवलेले राखीव खेळाडू) आणि हंगामातल्या दुखापतींसाठी.

मार्चचे ते तीन दिवस

नवं लीग वर्ष मार्चच्या मध्यावर, न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी ४ वाजता सुरू होतं. भारतात तेव्हा रात्रीचे दीड. त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी १२ वाजता (भारतात रात्री साडेनऊ) इतर संघांना फ्री एजंटच्या एजंटांशी बोलायची मुभा मिळते. मोठी नावं पहिल्या काही तासांतच ठरतात.

बातमीत ‘३ वर्षं, ४ कोटी २० लाख’ असं येतं. ड्रू डालमन या सेंटरचा बेअर्सशी झालेला करार असाच जाहीर झाला होता. हा आकडा लगेच तक्त्यात भरू नका. ‘पर्यंत’ हा शब्द असेल तर त्यात मिळतील-न-मिळतील असे इन्सेंटिव्ह (कामगिरीवरचे जादा पैसे) धरलेले असतात. दोन-चार दिवस थांबलात की पहिल्या वर्षाचा कॅप हिट आणि हमी रक्कम बाहेर येते. तुमच्या कामाचे आकडे तेच. हमी दोन वर्षांची असेल तर तो करार प्रत्यक्षात दोन वर्षांचाच समजा.

बेअर्सनी त्या मार्चमध्ये काय केलं ते ओळीने पाहा. कॅन्सस सिटीकडून गार्ड जो थूनी ट्रेड करून घेतला, बदल्यात २०२६ चा चौथ्या फेरीचा पिक. रॅम्सकडून गार्ड जोना जॅक्सन, बदल्यात २०२५ चा सहाव्या फेरीचा पिक. अटलांटाचा डालमन फ्री एजंट म्हणून. डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीतला मधला खेळाडू) ग्रेडी जॅरेट, आणि एज (टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) दायो ओडेयिंगबो. तक्त्यातले तीन लाल चौकोन आठवड्याभरात हिरवे झाले, आणि ड्राफ्टचे वरचे पिक एकही न देता. मार्चनंतर तक्ता पुन्हा रंगवा. ड्राफ्टच्या गरजा या दुसऱ्या तक्त्यातून काढायच्या, जानेवारीच्या नाही.

या व्यवहारांचा आणखी एक पैलू चाहते विसरतात: कॉम्पेन्सेटरी पिक. आपले फ्री एजंट जास्त गेले आणि कमी आले, तर पुढच्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी जादा पिक मिळतो. एका संघाला या सूत्राने जास्तीत जास्त चार. पण कोण मोजला जातो ते महत्त्वाचं. करार संपून आलेला खेळाडू मोजला जातो: डालमन आणि ओडेयिंगबो मोजले. ट्रेडने आलेला थूनी मोजला जात नाही. आधीच्या संघाने काढून टाकलेला जॅरेटही मोजला जात नाही. ड्राफ्ट झाल्यानंतर लगेच येणाऱ्या सोमवारपासून सह्या करणारे या हिशेबात येत नाहीत, म्हणून मधल्या दर्जाचे कित्येक अनुभवी खेळाडू मेमध्ये करार करताना दिसतात. संघ झोपला आहे असं समजून एप्रिलमध्ये त्रागा करू नका.

खेळाडू कसा पाहायचा

जानेवारीच्या शेवटी अलाबामातल्या मोबीलमध्ये सीनियर बोल (कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा प्रदर्शनी सामना), फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कम्बाइन (सगळ्या संघांसमोरची शारीरिक चाचणी), मार्चमध्ये कॉलेजांचे प्रो डे (कॉलेजच्या मैदानावरच्या तशाच चाचण्या). हे सगळं एकाच तराजूत तोलू नका. सीनियर बोलच्या सामन्यापेक्षा त्या आठवड्यातला सराव मोलाचा, विशेषतः लाइनमन आणि एज रशर यांची समोरासमोरची झुंज. लहान कॉलेजचा टॅकल तिथे तीन दिवस मोठ्या कॉलेजच्या रशरसमोर टिकला तर ती खरी बातमी.

कम्बाइनचे आकडे जागेप्रमाणे वाचा. ४० यार्डांची (३६.५८ मीटर) धाव रिसीव्हर आणि कॉर्नरसाठी महत्त्वाची. लाइनमन सामन्यात ४० यार्ड सरळ जवळजवळ कधीच धावत नाही. त्याच्यासाठी पहिल्या १० यार्डांचा वेळ आणि ब्रॉड जंप पाहा. २२५ पौंडांचा, म्हणजे साधारण १०२ किलोंचा बेंच प्रेस सगळ्यात कमी सांगतो, आणि लांब हातांच्या खेळाडूला तर तो मुळातच अवघड जातो. प्रो डेचे वेळ हाताने घेतलेले असतात, बहुतेकदा कम्बाइनपेक्षा चांगले येतात. दोन्ही आकडे शेजारी मांडून तुलना केली की निष्कर्ष हमखास चुकतो.

वेगाच्या मोहात पडणं सगळ्यात सोपं. झेवियर वर्दीने २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांत ४० यार्ड कापून विक्रम केला, तरीही तो २८ व्या पिकपर्यंत थांबला. वजन १६५ पौंड, ही दुसरी बाजू प्रत्येक संघाला दिसत होती. हातांच्या लांबीचंही तसंच. टॅकलसाठी ३३ इंचांच्या खाली हात असले की गार्डचा शिक्का बसतो. कम्बाइनमध्ये विल कॅम्पबेलचे हात ३२ पूर्णांक ५/८ इंच भरले आणि किती वाद झाले; पेट्रियट्सनी २०२५ मध्ये त्याला चौथ्या पिकवर टॅकल म्हणूनच घेतलं. मोजमाप हा प्रश्न आहे, उत्तर फिल्ममध्ये (सामन्यांच्या चित्रफितींत) शोधायचं.

फिल्म म्हणजे हायलाइट नव्हे. प्रत्येक खेळाडूचे निदान तीन पूर्ण सामने पाहा: एक त्याचा उत्तम, एक तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक हंगामाच्या शेवटाकडचा. टॅकल पाहताना स्नॅपनंतर चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्या पायांकडे पाहा. मागे सरकताना टाचा एकमेकींना लागतात का? पहिला हात कोण मारतो, तो की रशर? रशर बाहेरून येण्याचा आव आणून आत वळला तर वजन बाहेरच्या पायावर अडकून पडतं का? हे एका सामन्यात चार वेळा झालं तर त्याची नोंद करा, कारण एनएफएलमधला प्रत्येक रशर तीच युक्ती पहिल्या क्वार्टरमध्ये करून बघेल. क्वार्टरबॅकचा मोकळ्या पॉकेटमधला (लाइनमननी त्याच्याभोवती राखलेल्या जागेतला) थ्रो फार काही सांगत नाही. तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला), समोर माणूस असताना डोळे वरच राहतात की खाली जातात, ते बघा. रिसीव्हरचं पाहायचं ते प्रेस कव्हरेज, म्हणजे बचावपटू सुरुवातीलाच अंगाला भिडतो तेव्हाचा खेळ. कॉलेजात त्याला कुणी अंगाला अंग लावून अडवलंच नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. हा शेरा प्रामाणिक आहे, आणि चर्चेत त्याला किंमत आहे.

वयही बघा. २४ वर्षांचा एज रशर १९ वर्षांच्या टॅकलला ढकलून देतो, यात नवल नाही. चाहत्यांच्या याद्यांत हा रकाना क्वचितच असतो.

ट्रेडचा भाव

ट्रेडवर वाद घालायचा तर हाताशी चार्ट हवा. डॅलस काउबॉइजचा जुना प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्या नावाने ओळखला जाणारा, प्रत्येक पिकला गुण देणारा जुना चार्ट अजूनही बोलाचालीची भाषा आहे: पहिला पिक ३०००, पाचवा १७००, दहावा १३००, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०, चौसष्टावा २७०, शंभरावा १००. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली धरायचा. नवे चार्ट वरच्या पिकांना एवढा भाव देत नाहीत, पण दोन संघांत सौदा किती जुळतो हे तपासायला हा पुरेसा.

उदाहरण. २०२५ मध्ये बेअर्सनी बफेलोला ४१ आणि ७२ (शिवाय २४०, ज्याची किंमत नगण्य) दिले आणि ५६, ६२, १०९ घेतले. दिले: ४९० अधिक २३०, म्हणजे ७२०. घेतले: ३४० अधिक २८४ अधिक ७६, म्हणजे ७००. इतकं जवळ बसतं.

मोठा सौदा २०२३ चा. बेअर्सनी पहिला पिक कॅरोलायनाला दिला आणि ९ वा, ६१ वा, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि रिसीव्हर डीजे मूर घेतला. ९ आणि ६१ मिळून १६४२. २०२४ ची पहिली फेरी म्हणजे दुसऱ्या फेरीच्या मध्याचा भाव, साधारण ४२०. २०२५ ची दुसरी फेरी दोन पायऱ्या खाली, साधारण ७०. बेरीज २१३२. ३००० ला उरले ८६८, म्हणजे मूरची किंमत जवळपास १९ व्या पिकइतकी धरली गेली. मग कॅरोलायना २-१५ वर घसरली आणि चार्टवर ४२० धरलेला पिक २०२४ चा पहिला पिक निघाला, त्यातून केलेब विल्यम्स आला. २०२५ चा दुसऱ्या फेरीचा पिक ३९ वा लागला, त्यावर रिसीव्हर ल्यूथर बर्डन. म्हणून भविष्यातला पिक विकताना आपण किती सामने जिंकू याचा अंदाज आधी लिहून ठेवा. क्वार्टरबॅकसाठी वर चढणारे संघ बहुधा कच्चे असतात, आणि कच्च्या संघाचा पुढचा पिक महागच निघतो.

मॉक ड्राफ्ट कसा वापरायचा

मॉक ड्राफ्ट म्हणजे खोटाखोटा, अंदाजाचा ड्राफ्ट; तो संगणकावर सिम्युलेटरमध्ये चालवता येतो. सिम्युलेटरमध्ये ट्रेड बंद ठेवा. संगणक उदार असतो. तिसऱ्या फेरीच्या दोन पिकवर तुम्हाला पहिल्या फेरीत चढू देतो, खरा जनरल मॅनेजर देणार नाही. एकाच बोर्डवर (खेळाडूंच्या क्रमवार यादीवर) वीस वेळा चालवा आणि तुमच्या पिकला कोण किती वेळा शिल्लक होता ते मोजा. वीसपैकी पंधरा वेळा असलेला खेळाडू धरून योजना करा, दोनदा मिळालेला स्वप्नात ठेवा. बोर्ड एका तज्ज्ञाचा घेऊ नका. अनेक याद्यांची सरासरी काढलेला बोर्ड खऱ्या क्रमाच्या जास्त जवळ जातो.

एप्रिलमधल्या बातम्यांना अर्धं वजन द्या. संघ मुद्दाम अफवा सोडतात. प्रत्येक संघ बाहेरच्या ३० खेळाडूंना आपल्या मुख्यालयात बोलावू शकतो. ती यादी उपयोगी, पण त्यातल्या काही भेटी केवळ दुखापतींची तपासणी करायला असतात. वरचे अंदाजही ढासळतात. २०२५ मध्ये क्वार्टरबॅक शेडूर सँडर्स कित्येक मॉकमध्ये पहिल्या फेरीत होता, गेला १४४ व्या पिकला.

ड्राफ्टची रात्र, म्हणजे भारतातली पहाट

पहिली फेरी गुरुवारी रात्री ८ ला, भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाच. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे साडेचार. चौथ्यापासून सातव्यापर्यंत शनिवारी रात्री साडेनऊपासून, आणि हाच दिवस घरबसल्या पाहायला सगळ्यात सोयीचा. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा: इथे बोली नाही, नवख्याचा पगार पिक क्रमांकावरून ठरतो. त्यामुळे ‘महाग पडला’ असं पैशांच्या अर्थाने बोलता येत नाही. महाग पडतो तो पिक.

समोर तुमचा दुसरा तक्ता आणि सुमारे शंभर नावांची यादी ठेवा. पिक झाला की लगेच श्रेणी देऊ नका. त्या क्षणी तुमच्या यादीत आणखी कोण शिल्लक होतं, ती तीन नावं लिहा. दोन वर्षांनी वाद याच तीन नावांवर होणार आहे.

सातवी फेरी संपली तरी खिडकी बंद करू नका. न निवडलेल्यांशी करार लगेच सुरू होतात, आणि तळातून आलेली माणसं कमी नाहीत: ब्रॉक पर्डी २०२२ चा अगदी शेवटचा, २६२ वा पिक, जॉर्डन मैलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू २०१८ मध्ये २३३ वा. मेच्या सुरुवातीला पहिल्या फेरीवाल्यांच्या पाचव्या वर्षाच्या पर्यायाची, म्हणजे चार वर्षांचा करार एका वर्षाने वाढवायच्या संघाच्या हक्काची, मुदत असते. तीन हंगाम खेळलेल्या खेळाडूचा पर्याय संघाने घेतला की नाही, ते पाहून त्याच्या जागेचा रंग बदला आणि शीट पुढच्या जानेवारीसाठी जपून ठेवा.